पावसाच्या आधी गच्चीवर चढा
मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिना सुरू आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येईल, जुलैत तापाचे रुग्ण वाढू लागतील आणि तुमच्या संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मागणी सुरू होईल: धुराचं मशीन बोलवा. सचिव महापालिकेच्या विभाग कार्यालयात फोन करतील, फवारणीवाला येईल, आवारात पांढरा धूर होईल आणि सगळ्यांना वाटेल, चला, काहीतरी झालं. दोन दिवसांनी डास होते तेवढेच असतील. ही मागणी सुरू होण्याआधी, हातात अजून काही आठवडे असताना, तुम्ही हे वाचावं म्हणून आत्ता लिहिते आहे.

मुंबईत मलेरिया आणि डेंग्यू देणारे डास मुख्यतः आपल्या इमारतीत आणि आसपासच, माणसाने साठवलेल्या किंवा साचू दिलेल्या स्वच्छ पाण्यात जन्माला येतात. नाल्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. इमारतीतलं साठवलेलं पाणी कुणाच्या ताब्यात असतं? तुमच्या. टाकी संस्थेची, झाकण संस्थेचं, गच्चीची किल्ली संस्थेकडे. महापालिकेचा कर्मचारी वर्षातून काही वेळा येऊन जाईल. तुम्ही तिथे रोज असता.

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आता निवृत्त आहे, विलेपार्ल्यात राहते. नोकरीचा मोठा भाग रक्ताच्या काचा पाहण्यात गेला. बोटाला टोचून काढलेल्या थेंबाचा एक जाड ठिपका आणि एक पातळ थर काचेवर घ्यायचा, वाळवायचा, रंगवायचा, त्यावर तेलाचा थेंब टाकून सर्वात मोठ्या भिंगाखाली एकेक भाग सरकवत जायचं. मलेरियाच्या परजीवीच्या दोन मुख्य जाती, व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम: तांबड्या पेशींत व्हायव्हॅक्सच्या अंगठ्या दिसतात, कधी फॅल्सिपेरमच्या चंद्रकोरी दिसतात. प्रत्येक काचेसोबत एक अर्ज असतो आणि अर्जावर पत्ता. पावसाळ्यात तो पत्ता वाचायची सवय आपोआप लागते. एकाच इमारतीतून आधी वॉचमन येतो, मग तिथे घरकामाला जाणारी बाई, मग वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा, मग त्याची आजी. असा पत्ता पुन्हा पुन्हा यायला लागला की आम्ही प्रयोगशाळेत बसल्या बसल्या एकमेकींना म्हणायचो, यांची टाकी उघडी आहे. त्या अर्जांवर चाळींचे पत्ते असायचे तसे टॉवरचेही असायचे.

हे असं का होतं, ते सांगते. मलेरियाच्या रुग्णाला डासाची मादी चावली की परजीवी तिच्या पोटात जातो. दुसऱ्या माणसाला देण्याजोगा व्हायला त्याला आपल्याकडच्या हवेत साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस ती मादी जगली, तर पुढे ती ज्याला चावेल त्याला मलेरिया होऊ शकतो. दमट हवेत डास जास्त दिवस जगतो, म्हणून पावसाळा धोक्याचा. पण डासांची संख्या वाढायला सुरुवात होते ती उकाड्यात. उन्हाळ्यातल्या तापमानात अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी एका खेपेला शंभरच्या आसपास अंडी घालते. पाऊस सुरू होताना इमारतीत आधीच किती डास आहेत, यावर पुढचे तीन महिने ठरतात. म्हणून मेमधलं काम ऑगस्टमध्ये करून चालत नाही.

डासांचे तीन प्रकार आपल्यापुरते ओळखून ठेवायला हवेत. रात्री कानाशी गुणगुणणारा, संख्येने सर्वात जास्त असलेला तो क्युलेक्स. तो गटारात, नाल्यात, सेप्टिक टँकमध्ये वाढतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाउजेडी चावणारा तो एडीस इजिप्ती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्याच्याकडून होतात. तिसरा ॲनोफिलीस स्टीफेन्सी, मुंबईतल्या मलेरियाचा मुख्य वाहक. त्याला विहिरीचं, टाकीचं, बांधकामावर साठवलेलं स्वच्छ, संथ पाणी लागतं. नाल्यातल्या डासांबद्दल महापालिकेला जाब विचारायचा तर जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे आणि नाले साफ ठेवणं हे तिचं काम आहे. पण तुमच्या घरातल्या मुलाला ज्याने रुग्णालयात पोचवलं तो डास बहुधा त्या नाल्यातला नव्हता.

ही गोष्ट शहराला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी पाहिला. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत, १९११ साली, डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला आणि त्यात घरांच्या आवारातल्या विहिरी हे मुख्य कारण म्हणून पुढे आलं. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, हा त्यावरचा उपाय. धार्मिक कारणांनी विरोध झाला, वाद झाले, तरी पुढच्या काळात पुष्कळ विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. नंतर नळ आले, इमारती उंच झाल्या, पाणी गच्चीवर साठवायला लागलो, आणि विहिरीतला तोच डास पाण्यामागोमाग वर गेला. वरच्या मजल्यावर डास येत नाहीत असं घर घेताना सांगितलं जातं. टाकी कुठे असते ते आठवा: वरचा मजला तिच्या सर्वात जवळ असतो.

आता प्रत्यक्ष गच्चीवर काय बघायचं ते.

टाकीला झाकण आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. झाकण बहुतेक ठिकाणी असतंच. ते बसतं का, हे बघा. लोखंडी झाकणाच्या बिजागऱ्या गंजतात आणि एक बाजू वर उचललेली राहते. सिमेंटच्या झाकणाचा कोपरा फुटतो आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकून वर वीट ठेवली जाते. प्लॅस्टिकच्या काळ्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडतं आणि शेजारच्या पत्र्यावर पडून राहतं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या यंत्राची वायर झाकणाखालून आत सोडलेली असते, त्यामुळे झाकण कायम बोटभर उघडं. हे तर मी फार ठिकाणी पाहिलं आहे. वायरसाठी वेगळं भोक पाडून ते बंद करून घ्यायला कितीसा खर्च येतो? मग ओव्हरफ्लोचा पाईप आणि हवेचा पाईप. दोन्हींच्या तोंडाला बारीक जाळी हवी आणि ती फाटलेली नसावी. टाकी धुणारी माणसं काम संपवून गेली की त्याच दिवशी कुणीतरी वर जाऊन झाकण बघून यायला हवं, कारण धुतल्यानंतर झाकण तिरकं टाकून जाण्याचे प्रकार सर्रास घडतात.

बऱ्याच इमारतींत टाकीपर्यंत जायला धड शिडीच नसते. लिफ्टच्या खोलीवर टाकी, आणि तिथे जायला एक हलणारी लाकडी शिडी, तीही कुणीतरी रंगकामासाठी नेलेली. शिडी नसेल तर तपासणी होत नाही, मग संस्थेने वर्षभर काहीही ठरवलं तरी ते कागदावर राहतं. आधी पक्की लोखंडी शिडी बसवा.

अळी बघायला प्रयोगशाळा लागत नाही. बॅटरी लागते आणि थोडा धीर. झाकण उघडल्यावर सावली पडते, अळ्या घाबरून खाली जातात आणि बघणारा म्हणतो, काही नाही. दोन-तीन मिनिटं न हलता थांबा. त्या श्वास घ्यायला वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पसरलेली अळी दिसली तर ती ॲनोफिलीसची. डोकं खाली आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून तिरकी लटकलेली दिसली तर एडीस किंवा क्युलेक्सची. स्वल्पविरामासारखे दिसणारे, उड्या मारत खाली जाणारे जीव म्हणजे कोष. त्यांचे एक-दोन दिवसांत डास होणार. पांढऱ्या वाडग्यात पाणी घेतलं की हे सगळं साध्या डोळ्यांना दिसतं. शाळकरी मुलांना एकदा दाखवा, ती कधी विसरत नाहीत.

सर्वात दुर्लक्षित असते ती आगीसाठी राखून ठेवलेली टाकी. पिण्याच्या टाकीतलं पाणी रोज वापरलं जातं, नवं येतं. लोक तिच्याकडे लक्षही देतात. आगीच्या टाकीतलं पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. तिचं झाकण कुणी उघडत नाही, कारण तिथलं पाणी कुणी पीत नाही. उंच इमारतींत ही टाकी मोठी असते. तुमच्या संस्थेत या टाकीची शेवटची तपासणी कधी झाली, हे सचिवांना विचारून बघा. खालची सक्शन टाकी, पंपाच्या खोलीतला खळगा, पाण्याच्या मीटरचा चेंबर, लिफ्टचा खड्डा, पोडियमवरचं कारंजं, बंद पडलेला पोहण्याचा तलाव: हीही सगळी संस्थेच्याच ताब्यातली पाणी साचण्याची ठिकाणं. कारंजं किंवा शोभेचं टाकं ठेवायचंच असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात आणि फार देखभाल मागत नाहीत.

मे महिन्याची आणखी एक अडचण आहे. तलावांतला साठा खाली जातो आणि पाणीकपात लागते. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात होती. कपात लागली की घराघरांत पिंप, बादल्या, टब भरून ठेवले जातात, आणि ते चूक नाही, पाणी लागतंच. पण मोरीतलं पिंप रोज वरवर भरलं जातं आणि तळापर्यंत कधी रिकामं होत नाही. त्यात एडीसला हवं ते सगळं मिळतं. एडीसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतून काथ्याने किंवा घासणीने घासायला हवं आणि वर सुती कापड घट्ट बांधायला हवं. कोरडा दिवस म्हणतात तो हाच. एखादा वार ठरवा, सगळ्या इमारतीने एकाच दिवशी करा.

घरातल्या छोट्या जागा तुम्ही सभासदांना सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येणार नाहीत, कारण त्यातल्या काही चांगल्या हेतूने ठेवलेल्या असतात. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी खिडकीत ठेवलेलं पाण्याचं भांडं. ते जरूर ठेवा, पण पाणी रोज बदला आणि भांडं घासा. तुळशीच्या कुंडीखालची ताटली. बाटलीतलं मनीप्लांट. फ्रिजच्या मागचा ट्रे, ज्याचं अस्तित्वच अनेकांना ठाऊक नसतं. एसीचं पाणी जिथे ठिबकतं ती बादली. माठाखालची परात. आणि मुंग्या लागू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या! आमच्या आई-आज्यांचा हा उपाय मुंग्यांवर उत्तम चालतो, पण ते पाणी आठवडाभर बदललं नाही तर त्या चार वाट्या एडीसच्या कामाला येतात. वाट्यांत चमचाभर खोबरेल किंवा कुठलंही तेल टाका, किंवा पाण्याऐवजी पायांभोवती बोरिक पावडरची रेघ ओढा. लहान मूल किंवा मांजर-कुत्रं घरात असेल तर तेलच बरं.

छज्जांवर बघा. वरच्या मजल्यावरून खाली टाकलेले प्लॅस्टिकचे कप, नारळाच्या करवंट्या, तुटकी खेळणी तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. फ्लॅटचं नूतनीकरण झालं की जुना कमोड, बेसिन, टाईल्सची पोती आवाराच्या मागच्या कोपऱ्यात जातात आणि तिथेच राहतात. मेच्या शेवटी गळतीसाठी ताडपत्र्या बांधल्या जातात, त्या ताणून बांधलेल्या नसतील तर प्रत्येक घडीत पाणी साचतं. एडीस फार लांब उडत नाही, त्याचा पल्ला साधारण काहीशे मीटर. तुम्हाला दिवसा डास चावत असेल तर त्याचा जन्म तुमच्याच आवारात किंवा शेजारच्या आवारात झालेला असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

आता धुराबद्दल, कारण तिथे तुमचा सर्वात जास्त आग्रह असतो. धुरात कीटकनाशक असतं आणि ते उडणाऱ्या डासाच्या अंगाला लागलं तर डास मरतो, हे खरं आहे. पण पाण्यातल्या अळीला त्याने काही होत नाही, कोषाला काही होत नाही. एडीस पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसून असतो, आणि धूर आला की आपण सर्वात आधी खिडक्या लावून घेतो. शासनाच्या कार्यक्रमातही धुरीकरण साथ उद्भवल्यावर, रुग्ण सापडलेल्या भागात करायचं असतं. रोजच्या डासांवर तो उपाय नाही. धुराची मागणी पूर्ण झाल्यावर टाकी बघायची निकड निघून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच आठवड्यात त्याच पत्त्याच्या काचा आमच्याकडे येत राहायच्या.

घरात जाळतात त्या कॉइलबद्दलही सांगायला हवं. एक कॉइल पूर्ण जळताना हवेत जेवढे अतिसूक्ष्म कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजलेलं आहे. दारं-खिडक्या लावून, लहान मुलाच्या उशाशी ती रात्रभर जळते. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हे जुने उपाय आजही सर्वात सुरक्षित आहेत. संस्थेने सगळ्या घरांच्या जाळ्यांचं काम एकाच कारागिराला दिलं तर दरही कमी पडतो.

मला वॉचमनबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे. इमारतीत रात्रभर उघड्यावर असणारा तो एकटाच. बहुतेक ठिकाणी त्याची जागा गेटजवळ, सक्शन टाकीच्या शेजारी. त्याच्या केबिनला जाळी नसते, मच्छरदाणी बांधायला जागा नसते, ताप आला तर सुट्टी घेतल्यावर पगार कापला जातो, म्हणून तो अंगावर काढतो. इमारतीत मलेरियाचा पहिला रुग्ण अनेकदा तोच असतो आणि त्याची नोंद कुणीच घेत नाही. व्हायव्हॅक्स मलेरियात आणखी एक अडचण असते: परजीवी यकृतात दडून राहतो, म्हणून डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या देतात. तीन दिवसांत ताप उतरतो, गोळ्या सोडल्या जातात, काही आठवड्यांनी ताप उलटतो आणि त्याच्या रक्तातून डासांना पुन्हा परजीवी मिळतो. काचांवर तीच नावं पुन्हा दिसायची तेव्हा जीव तुटायचा. त्याच्या गोळ्या पूर्ण झाल्या का, हे विचारणं कार्यकारिणीचं काम आहे. त्याच्या केबिनला जाळी, एक मच्छरदाणी आणि तापाच्या दिवसांचा पगार, एवढं करायला कोणत्याच संस्थेची तिजोरी रिकामी होणार नाही. हे त्याच्यासाठी करा. त्यात तुमच्या घरच्यांचंही रक्षण होतं.

पुनर्विकासाच्या इमारतींबद्दलही हेच. आज पार्ल्यात गल्लीगणिक एक इमारत पाडलेली आहे आणि एक उभी राहते आहे. स्लॅबवर पाणी भरून ठेवतात, तळघराच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं, मजूर तिथेच झोपतात. २०१० साली मुंबईत मलेरियाचे ७६ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि १४५ माणसं दगावली. त्या वर्षी बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्याची खूप चर्चा झाली होती. तुमच्या संस्थेचा पुनर्विकास ठरत असेल तर विकासकाबरोबरच्या करारातच पाणी साचू न देण्याची, मजुरांच्या रक्ततपासणीची आणि मच्छरदाण्यांची अट घाला. शेजारी काम चालू असेल आणि अळ्या दिसत असतील तर विभाग कार्यालयाच्या कीटकनाशक विभागाला लेखी कळवा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ खाली त्यांना नोटीस काढता येते. तशी नोटीस तुमच्या संस्थेलाही येऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

झुरळं आणि उंदरांचं थोडक्यात सांगते. एका फ्लॅटमध्ये फवारणी केली की झुरळं डक्टमधून शेजारी जातात, शेजाऱ्याने केली की परत येतात. एकाच डक्टला लागून असलेल्या सगळ्या स्वयंपाकघरांत आणि मोऱ्यांत एकाच दिवशी झुरळं मारायचं जेल लावून घ्या, आणि जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारू नका, नाहीतर झुरळ जेलकडे फिरकत नाही. उंदरांसाठी आधी कचऱ्याच्या डब्यांना झाकणं, चेंबरना झाकणं आणि अर्ध्या इंचावरच्या सगळ्या फटी बंद. उंदीर वाढले की लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका वाढतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो या शहराने पाहिला आहे. ढेकणांवर आता बऱ्याच ठिकाणी नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. जुन्या लोकांचं उकळतं पाणी आणि कडक ऊन अजूनही चालतं, पण पलंगाचा प्रत्येक सांधा गाठावा लागतो.

पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार करताना मात्र घाई करू नका. काम करणाऱ्याकडे कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालचा परवाना आहे का, कोणतं औषध, किती प्रमाणात, हे लेखी घ्या. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि एक गोष्ट कधीच होऊ देऊ नका. ढेकूण किंवा उंदीर मारायला धान्यात ठेवायच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, घरात ठेवणं. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो फटीतून आणि डक्टमधून शेजारच्या घरात जातो, आणि झोपेत माणसं दगावतात. मुलं आधी दगावतात. या गोळ्या सर्वसामान्य ग्राहकाला विकायला कायद्याने बंदी आहे, तरी त्या मिळतात. तुमच्या सूचनाफलकावर याची सूचना आजच लावा.

पाहणीला येणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्याची कथा तुम्हाला माहीतच आहे. किल्ली सापडत नाही, सचिव ऑफिसला गेलेत, उद्या या. तो शिडी चढून, उन्हात तापलेल्या गच्चीवर, दिवसाला कितीतरी इमारती बघत असतो. ओळखपत्र बघा, नोंदवहीत सही घ्या आणि त्याच्याबरोबर कुणीतरी वर जा. त्याने काय पाहिलं ते तुम्हालाही कळेल.

शेवटची अडचण वेळेची आहे. संस्थेचे मोठ्या खर्चाचे निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत होतात आणि ती सभा ३० सप्टेंबरच्या आत कधीतरी होते, बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. तोपर्यंत डेंग्यूचे रुग्ण इमारतीत येऊन गेलेले असतात. झाकण, जाळी आणि शिडीचा खर्च कार्यकारिणीच्या मासिक सभेत मंजूर होण्याएवढाच असतो. त्यासाठी सप्टेंबरची वाट बघू नका. येत्या सभेत ठेवता येईल असा ठराव मी खाली लिहून देते, तुमच्या सोयीने शब्द बदला.

ठराव: संस्थेच्या सर्व टाक्यांची, आगीच्या टाकीसह, झाकणं व जाळ्या ३१ मेपूर्वी दुरुस्त करून घ्याव्यात. टाकीपर्यंत पक्की शिडी बसवावी. जून ते नोव्हेंबर दर रविवारी कार्यकारिणीच्या एका सदस्याने, पाळीपाळीने, सर्व टाक्या, लिफ्टचा खड्डा, मीटरचा चेंबर व छज्जे स्वतः पाहून नोंदवहीत तारीख व सही करावी. इमारतीत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या कुणालाही ताप आल्यास पहिल्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी, आणि डेंग्यूचा संशय असल्यास पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये. मलेरिया किंवा डेंग्यू निघाल्यास संस्थेला कळवावं, म्हणजे त्याच दिवशी टाक्या आणि आवार पुन्हा तपासता येईल. रुग्णाचं नाव फलकावर लावू नये. सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांच्या तपासणीचा व औषधाचा खर्च संस्थेने करावा आणि तापाच्या दिवसांचा पगार कापू नये. सूचक: ______ अनुमोदक: ______

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
विलेपार्ले, मुंबई